शहराच्या कुंपणाशी चाललेली शिकार
(मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या चिटणीसबाईंनी मला भाषणाचा विषय विचारला, तेव्हा मी 'शिकार' असे सांगितले. त्या जरा घुटमळल्या. पाककृती, मुलांचे संगोपन, फार तर एखादे प्रवासवर्णन, असे विषय आपल्याकडे होतात. बायकांच्या मंडळात बंदुकीचे काय काम, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसला. मी म्हटले, "बंदुकीचे काम नाहीच. मी बोलणार आहे ती पातेल्याबद्दल." तेव्हा कुठे त्यांनी फळ्यावर विषय लिहिला.

शिकार म्हटले की आपल्यापुढे मचाण येते, कोणी संस्थानिक येतो आणि पडलेल्या वाघावर बूट ठेवून काढलेला फोटो येतो. हे सारे दूरच्या अरण्यात घडते, अशी आपली समजूत. परंतु मुंबई आणि आपण राहतो ती साष्टी, हा एके काळी शिकारीचाच मुलूख होता. १८२२ साली मलबार टेकडीवरचा एक वाघ खाली उतरून गोवालिया तळ्यावर पाणी पिऊन गेला, अशी जुनी नोंद आहे. ते तळे होते तिथे आज ऑगस्ट क्रांती मैदान आहे. विहार तलावाच्या जवळ तर जानेवारी १९२९ मध्ये वाघ मारला गेला. म्हणजे माझ्या आईच्या पिढीतली गोष्ट! मुंबईत साहेबलोकांचा 'जॅकल क्लब' होता. विलायतेत ते खोकडामागे कुत्रे सोडीत, इथे त्यांनी घोड्यांवर बसून साष्टीतल्या कोल्ह्यांमागे सोडले. पवई-विहारच्या भातखाचरांत हिवाळ्यात पाणलावे उतरत, त्यांच्यावर छऱ्यांच्या बंदुका चालत.

पक्षितज्ज्ञ सालिम अली ह्यांचे बालपण ह्याच मुंबईत गेले. लहानपणी त्यांच्या घरी स्वयंपाकासाठी जिवंत तितर-लावे आणले जात, आणि त्यांतले काही हा मुलगा मागून घेऊन पाळत असे. दहाएक वर्षांचा असताना त्याने छऱ्याच्या खेळण्यातल्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही नेहमीची चिमणी नव्हे, मग ती खाणे धर्माला चालेल की नाही, अशी शंका त्याला आली. ती चिमणी घेऊन तो मामांकडे गेला, आणि मामांनी त्याला 'बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी'त पाठवले. पुढचा इतिहास तुम्हाला ठाऊकच आहे. मला त्यात मौज वाटते ती ही, की एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाच्या आयुष्याची सुरुवात 'हे खावे की खाऊ नये' ह्या प्रश्नाने झाली. आजचा आपला प्रश्नही तोच आहे.

मी शाकाहाराचा प्रचार करायला उभी नाही, हे आधीच सांगते. माझे माहेर रत्नागिरी जिल्ह्यातले. आमच्याकडे ठासणीची बंदूक होती, तिचा शेतीसंरक्षणाचा परवाना वडिलांच्या नावे होता. भात पोटरीला आले की रात्री डुकरांचा कळप उतरे, आणि एका रात्रीत अर्धे खाचर लोळवून टाकी. मग गावातले वीस-पंचवीस पुरुष हाकाऱ्याला निघत. डबे बडवीत, आरोळ्या देत रान उठवायचे आणि बंदूकवाल्याने वाटेवर दबा धरायचा. डुक्कर पडले की देवळामागच्या कातळावर वाटे पडत. बंदुकीचा वाटा, हाकाऱ्यांचे वाटे, ज्याचे शेत त्याचा वाटा. आणि ज्या घरातून कोणी पुरुष गेलेला नाही, अशा विधवेच्या दारातही द्रोणभर पोचे. आई ते घरातल्या चुलीवर शिजवीत नसे. पडवीत तीन दगड मांडून, भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचे वाटण लावून शिजवी. त्याचा वास अजून माझ्या लक्षात आहे, हे मी कशाला लपवू?

त्या शिकारीचे मी गोडवे गात नाही. डुकरासाठी उठवलेल्या रानातून भेकर निघाले तर त्यालाही कोणी सोडत नसे, आणि बिचारी पिसोरी तर काठीनेसुद्धा मरे. परंतु एक गोष्ट खरी, की तिथे विक्री नव्हती. वाटे संपले की शिकार संपली. दुसऱ्या दिवशी आणखी चार किलो हवे, असे सांगणारे कोणी नव्हते.

पुढे कायदे बदलले. आपल्याकडे वन्य पशुपक्ष्यांच्या संरक्षणाचा १९५१ चा मुंबई राज्याचा कायदा होता. त्यात परवाना काढून शिकार करता येई. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला, आणि पुढे हौसेची शिकार बंद झाली. २०२२ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. कायद्याची पुस्तके मी काही फार वाचत नाही, पण शिकारीची व्याख्या मुद्दाम वाचली. गोळी घालणे एवढाच तिचा अर्थ नाही. फास लावणे, सापळा लावणे, विष घालणे, हाकारा करणे, तसा प्रयत्न करणे, इतकेच काय, रानपाखरांची अंडी उचलणे किंवा घरटे मोडणे हीसुद्धा शिकारच. आणि रानातले जनावर आपोआप मेलेले सापडले तरी ते सापडणाऱ्याचे नव्हे, सरकारच्या मालकीचे. 'आम्ही मारले नाही, गाडीखाली आले होते' ही सबब चालत नाही. रानडुक्कर मारणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. बिबट्या, घोरपड ह्यांच्यासारखी पहिल्या अनुसूचीतली जनावरे असली, किंवा शिकार राष्ट्रीय उद्यानात केली असली, तर तीन ते सात वर्षे कैद.

शेतकऱ्याचे दुखणे खोटे नाही, हेही बोलले पाहिजे. पिकाची नासाडी करणारी डुकरे वनखात्याची रीतसर परवानगी घेऊन मारण्याची तरतूद आहे, नुकसानभरपाईही आहे. परंतु पंचनाम्याच्या चकरा ज्याने मारल्या आहेत त्याला विचारा! ज्याचे वर्षाचे भात गेले त्याला आपण पंख्याखाली बसून उपदेश करू नये. मी आज बोलते आहे ते त्याच्याविषयी नव्हे. ज्यांचे भाताचे एक रोपही नाही, अशा आपल्यासारख्यांविषयी बोलते आहे.

आपल्या खिडकीतून येऊरचा डोंगर दिसतो. त्याच्या पलीकडे बोरिवली, अलीकडे आपण. मधले संजय गांधी राष्ट्रीय उद्यान शंभर चौरस किलोमीटरहून थोडेच अधिक, आणि त्याच्या चहूबाजूंनी आपल्या इमारती. त्या रानात सांबर, चितळ, भेकर, पिसोरी, रानडुक्कर आहेत, आणि बिबटे आहेत. २०१८ साली कॅमेरे लावून मोजणी झाली, तेव्हा उद्यानात आणि लगतच्या भागात ४७ बिबटे दिसले होते. अशा ठिकाणी बंदूक वाजवणे परवडत नाही. आवाज आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येईल. म्हणून शहराजवळची शिकार मुकी असते. ती तारेने होते.

तिला फासकी म्हणतात. मोटारसायकलच्या क्लचची किंवा ब्रेकची तार घ्यायची, तिचे सरकते वळे करायचे, दुसरे टोक झाडाच्या बुंध्याला किंवा खुंट्याला बांधायचे, आणि जनावरांच्या रोजच्या वाटेवर, झुडपांच्या फटीत, ते वळे उभे करून ठेवायचे. झाले. शिकारी घरी जाऊन झोपला तरी शिकार चालूच. जनावर पुढे ओढते तसा फास आवळतो. त्याला डुक्कर कळत नाही, सांबर कळत नाही. त्याच वाटेने बिबट्या येतो, आणि त्याच्या कमरेत तीच तार बसते. कोकणातल्या वर्तमानपत्रांत 'फासकीत बिबट्या अडकला' ही बातमी वर्षातून किती वेळा येते, ते तुमच्यापैकी सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडच्या भगिनी सांगतील.

मी ती तार पहिल्यांदा हातात धरली ती दोन वर्षांपूर्वी. आमच्या फाटकाशी एक तांबडी कुत्री असते. मुलांनी तिला राणी नाव दिले आहे. ती दोन दिवस दिसेना. तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या भाजीवाल्या मावशी टोपली टेकवीत म्हणाल्या, "तुमची कुत्री वर ओढ्याशी ओरडतेय." त्या येऊरच्या एका पाड्यावरच्या, वारली समाजाच्या. आम्ही तिघीजणी त्यांच्याबरोबर निघालो. शेजारच्या वहिनींनी शहाणपणाने घरातली पक्कड बरोबर घेतली होती. ओढ्याच्या काठाला करवंदीच्या जाळीत राणी पडली होती. तार पोटाभोवती इतकी रुतली होती की वरून नुसते केस दिसत. आम्ही तिला आपल्याकडे ओढायला गेलो, तर मावशी ओरडल्या. ओढले की फास आवळतो. जनावराला उलट खुंट्याकडे ढकलावे लागते, म्हणजे तार सैल पडते. त्यांनी गुडघ्याने राणीला मागे रेटले, वहिनींनी पक्कड लावली आणि क्लचची ती चिवट तार पाच-सहा मिनिटांनी तुटली. राणी जगली. तेवढ्या जागेत वनखात्याच्या माणसांना नंतर आणखी सात फासक्या मिळाल्या. त्या ओढ्याशी आमच्या इमारतीतली मुले पावसाळ्यात खेकडे पाहायला जातात.

मी मावशींना विचारले, हे कोण लावते? त्या लगेच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या की पाड्यावरचा एखादा पोरगा असेलही, बाहेरचेही येतात, पण खायला कोणी सात-सात फासक्या लावीत नाही. त्यांच्या ह्या एका वाक्याने माझ्या पुष्कळ गोष्टी ध्यानात आल्या. जे स्वतःच्या घरासाठी असते त्याला मोजमाप असते. सात फासक्या लावल्या जातात त्या गिऱ्हाईक असते म्हणून.

तारेपेक्षा वाईट प्रकारही आहेत. पिठाच्या किंवा चरबीच्या गोळ्यात स्फोटक दारू भरून ठेवतात. डुकराने चावले की त्याचा जबडा उडतो. ह्याला गावठी बॉम्ब म्हणतात. गाय चरताना तोंड लावते, कुत्रे उचलून अंगणात आणते. कुठे विजेच्या तारेचा आकडा टाकून रानात प्रवाह सोडतात, आणि पहाटे शेतावर जाणारा माणूस त्याला चिकटतो. बंदूक घेऊन जाणारे तरी सुखरूप परततात असे नाही. पालघर जिल्ह्यात मनोरजवळच्या बोरशेतीच्या जंगलात २०२५ च्या जानेवारीच्या अखेरीस काही जण रानडुकराच्या शिकारीला गेले होते. अंधारात हालचाल दिसली म्हणून एकाने गोळी झाडली. डुक्कर नव्हते, त्यांचाच सोबती होता. बाकीच्यांनी भीतीने प्रेत लपवले, आणि काही दिवसांनी सारे उघडकीस आले. त्याच्या घरी बायको वाट पाहत बसली असेल, तिचे ते दिवस कसे गेले असतील, हे मला अजून डोळ्यांपुढे आणवत नाही.

आता गिऱ्हाईकाकडे येऊ. डोंगराच्या पायथ्याशी सुटीच्या दिवशी मेजवान्या होतात. एका लग्नाच्या आदल्या रात्रीच्या जेवणाला मी गेले होते. ठिकाणाचे नाव घेत नाही. यजमान कानाशी येऊन मोठ्या अभिमानाने म्हणाले, "काकू, आतल्या टेबलावर रानातले आहे, खास माणसांसाठी!" त्यांना शिकारीची हौस नव्हती, भूकही नव्हती. दुसऱ्याला मिळत नाही ते आपण देतो, एवढेच त्यांना दाखवायचे होते. पूर्वी हे काम चांदीची ताटे करीत.

आपल्या फाटकाशीही तो माणूस येतो, काळ्या पिशवीत काही घेऊन. पहारेकऱ्याशी कुजबुजतो. हल्ली मोबाइलवर निरोपही येतो म्हणे. भगिनींनो, कायदा घटकाभर बाजूला ठेवा, नुसत्या गृहिणी म्हणून बघा. नेहमीच्या खाटकाकडे आपण मटण हात लावून पाहतो, रंग पाहतो, सकाळचे की कालचे ते विचारतो. कत्तलखान्यात जनावर तपासायला डॉक्टर असतो. ह्या काळ्या पिशवीतले जनावर केव्हा मेले? तारेत रात्रभर तडफडून मेले, की दोन दिवस पडून होते? विष खाऊन मेले? मुळात ते रानडुक्कर तरी कशावरून? गटाराकाठचे डुक्कर कापून 'रानातले' म्हणून चौपट भावाने गळ्यात मारणे काही अवघड नाही, आणि फसलेला माणूस कोणाकडे तक्रार करणार? चोरीचा माल विकत घेणाऱ्याला पावती मागता येत नाही.

तितरांचे असेच. शहरांबाहेरच्या रस्त्यांवर जिवंत तितर पाय बांधून विकायला उभे असलेले लोक मी पुष्कळ वेळा पाहिले आहेत. पिंजऱ्यात एक बोलका तितर ठेवतात, तो ओरडला की रानातला तितर भांडायला धावून येतो, आणि वाटेवर मांडलेल्या बारीक फाशांच्या रांगेत पाय अडकतो. हे फासेपारध्यांचे पिढीजात कसब. सरावलेल्या गाईच्या आडून सावजाजवळ जाण्यातही त्यांचा हातखंडा. इंग्रजी अमदानीत पारध्यांवर गुन्हेगार जमातीचा शिक्का बसला, तो १९५२ साली कागदावरून निघाला. लोकांच्या मनातून किती निघाला ते आपण जाणतो. १९७२ नंतर त्यांचे कसबच गुन्हा ठरले, आणि दुसरे काम त्यांना सहजी कोणी दिले नाही. पकडला जातो तो हा पिशवीवाला, आणि जो मोटारीची काच खाली करून भाव विचारतो, तो घरी पोचतो. वास्तविक विकत घेणे आणि बाळगणे हाही तितकाच गुन्हा आहे. तितराची चव फारच आठवत असेल, तर पाळून वाढवलेले जपानी बटेर मिळतात. ते खुशाल आणा.

आणखी एक वस्तू मी इथे मुद्दाम काढते, कारण ती पुरुषांच्या नव्हे, आपल्या कपाटात सापडते. घोरपड म्हटली की आपल्याला तानाजीची यशवंती आठवते. इतिहासकार ती गोष्ट मानोत न मानोत, आपल्या मुलांना ती हवीच असते. त्या घोरपडीचे तेल गुडघेदुखीवर म्हणून रस्त्याकडेला विकतात. आणि 'हत्ताजोडी' नावाचे मूळ लक्ष्मी येते म्हणून देव्हाऱ्यात ठेवायला विकतात. दोन हात जोडल्यासारखे दिसते. ते मूळ नाही, भगिनींनो. ते नर घोरपडीच्या शरीराचे वाळवलेले अवयव असतात. २०१७ साली ह्या व्यापाराचा बराच बोभाटा झाला, प्रयोगशाळांत तपासण्या झाल्या. ज्यांनी श्रद्धेने ते ठेवले असेल त्यांना दोष नाही, पण आज कळल्यावर तरी डब्यात तसेच ठेवू नये. मुंगसाच्या केसांचे कुंचलेही असेच. मुलांच्या चित्रकलेसाठी घेताना कृत्रिम केसांचा कुंचला मागावा, तो स्वस्तही पडतो.

कोणी म्हणेल, चार डुकरे गेली तर काय बिघडले? बिबट्याने खायचे काय, हा पहिला प्रश्न. तो आजच आपल्याकडच्या मोकाट कुत्र्यांवर पुष्कळसा जगतो. रानातले भक्ष्य जितके कमी, तितका तो इमारतींच्या जवळ. आणि तारेतून निसटलेला, कमरेत जखम घेऊन फिरणारा बिबट्या पळते भक्ष्य धरू शकत नाही. तो कुठे येईल, ते तुम्हीच सांगा. साहेबांनी ज्यांच्यामागे घोडे घातले ते कोल्हे आजही खाडीकाठच्या तिवरांत आहेत, विक्रोळीपासून नवी मुंबईपर्यंत. २०२४ साली चेंबूरकडे त्यांच्यात पिसाळीचा रोग आढळला होता. अशा वेळी रानातले जनावर उघड्या हातांनी कापणारा माणूस किती सुरक्षित, हाही विचार करण्याजोगा आहे.

भाषणाआधीच एका काकूंनी मला कोपऱ्यात घेऊन विचारले, की शेजारीण प्रेमाने डबा घेऊन आली तर करायचे काय? संबंध का तोडायचे? अडचण खरी आहे. मी माझ्यापुरते काय करते ते सांगते. डबा हातात घ्यायचा नाही, पण बाईंना आत बसवायचे, चहा टाकायचा. 'आमच्याकडे हे आता करत नाहीत' एवढे एकच वाक्य सांगायचे, कारण विचारले तर ओढ्याकाठची ती तार दाखवायची. मी ती जपून ठेवली आहे आणि आज बरोबरही आणली आहे, ही अशी. हातोहात मागे पाठवा, टोक बोचेल, सांभाळून. डबा आणणारी एक शेजारीण ही तार पाहून उठून गेली होती. चार महिने बोलत नव्हती. संक्रांतीला वाण घेऊन आपणहून आली.

आता एक सूचना, आणि बसते. येऊरच्या वनखात्याच्या लोकांशी आपल्या चिटणीसबाईंचे बोलणे झाले आहे. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांच्या माणसांबरोबर फासक्या शोधायला रानात जाता येईल. पंधराजणींनाच नेतील. फासकी दिसली तर आपण हात लावायचा नाही, नुसते दाखवायचे. ज्यांना यायचे असेल त्यांनी नावे द्यावीत. सकाळी साडेसहाला फाटकाशी जमायचे, पाणी आपले आपण आणायचे, आणि पायांत बूट हवेत. मागच्या सहलीसारखी नक्षीची चप्पल घालून कोणी येऊ नये. भाजीवाल्या मावशींनी वाट दाखवायला यायचे कबूल केले आहे, त्यांच्या त्या दिवसाच्या भाजीचे पैसे मंडळाने द्यावेत, अशी माझी विनंती आहे.